पोल्केतली दोन ठोक्यांची शांतता

व्हिएन्ना, ८ जून १८६७

प्रिय बार्बोराताई,

तुझ्या वोय्तेखचा नमस्कार. मी मजेत आहे, पोटभर जेवतो.

सध्या बागेत आमचा वाद्यवृंद नाचाची एक नवी पोल्का वाजवतोय. काय चीज आहे म्हणून सांगू! बासचा 'धम्', माझ्या व्हायोलाचा 'चक', वरून व्हायोलिनं पोरींसारखी धावत सुटतात. आणि ऐन रंगात सगळे गप्प! मोजून दोन ठोके. मग झांजांसकट सगळे तुटून पडतात. म्हाताऱ्यांचेही पाय ऐकत नाहीत.

परवा नेमका त्याच शांततेत मला खोकला आला. वाटलं, गेली नोकरी. पण लोक हसून हसून बेजार! "पुन्हा वाजवा" म्हणून ओरडायला लागले. संचालक म्हणाले, "गाढवा, आता रोज तिथंच खोकायचं. आणि तालात!"

आता लोक माझा खोकला ऐकायला येतात. त्याचा सराव मात्र करावा लागत नाही.

भावोजींची कंबर कशी आहे? छातीला चोळायची बदकाची चरबी कुणाबरोबर तरी पाठव.

सोमवारी आम्हाला सुट्टी असते. खोकला काही सुट्टी घेत नाही.

काळजी करू नकोस.

तुझाच,
वोय्तेख