पिशवीत जपलेली डॉक्टरची चिठ्ठी

पिंपरी, आश्विन वद्य पंचमी

चि. बिरू यास थोरल्या बहिणीचा आशीर्वाद.

लेकाकडे मी बरी आहे. नातीला दात आलाय, माझं बोट चावते. तुझी म्हैस व्याली का?

चाकणच्या डॉक्टरची इंग्रजी चिठ्ठी मी दोन वर्षं पिशवीत जपली. डोळे दाखवायला गेलो तेव्हा तो तुझ्याशीच बोलला होता. मी विचारलं, तर तू म्हणालास, "अक्का, म्हातारपण हाय, दुसरं काय न्हाई."

काल इथल्या डॉक्टरनं ती वाचली. काचबिंदू आहे, रोज थेंब घाला, असं लिहिलंय.

तो म्हणाला, डोळ्यातला दाब वाढला की मागच्या नसेला रक्त पोचत नाही. थेंबांनी दाब उतरतो. पाण्याचा दांड तुंबला की शेवटचा वाफा वाळतो, तसा माझा डावा डोळा गेला. उजवा थेंबांनी वाचेल. थेंब झोंबतात, पण सून चुकवत नाही.

मी तेव्हाच औषधाला इकडे आले असते, तर तुझी चूल आणि गोठा कुणी बघितला असता, व्हय ना?

भाऊबीजेला ये. रीत मोडणार नाही, ओवाळीन. पण पाट माझ्या डाव्या अंगाला मांडीन, म्हणजे तुझं तोंड दिसायचं नाही.

तुझी अक्का,
भागू