साफ

प्रिय रौदा,

हे फोनवर सांगणार होतो. तीनदा लावला. तू बाळाचं सांगतेस, हसतेस, मग मीही हसतो, आणि बाबा आतून ओरडतात, 'स्पीकरवर टाक रे, मलाही ऐकू दे.' स्पीकरवर हे सांगता येत नाही. म्हणून लिहितो आहे. तुझ्या सफाक्सला जाणाऱ्या लुआज टॅक्सीच्या ड्रायव्हरकडे हे देईन, म्हणजे टपालाची वाट बघावी लागणार नाही. बसून वाच. पोटातल्या बाळाला काही होईल असं ह्यात काही नाही.

बाबा ठीक आहेत. गुडघा दुखतो, पण सकाळचा पाव स्वतःच आणतात. समोरच्या शादलिया काकूंनी कोंबड्या पाळल्या आहेत आणि त्या आपल्या दारात येऊन बसतात. बाबा त्यांना हाकलतात, काकू भांडतात, दोघांचा वेळ बरा जातो. मी महिनाभर इथे घरी, नाबेललाच आहे. तुला सुट्टी म्हणून सांगितलं. सुट्टी नाही, काम सोडलं आहे. आणि ते काम अत्तराच्या दुकानातलं नव्हतं. बाबा गल्लीत सांगतात ना, माझा मुलगा राजधानीत नाकाचं काम करतो, ते मीच त्यांना सांगितलेलं. दुकान ई-सिगारेटचं होतं. मागच्या खोलीत बसून मी लिक्विड मिसळायचो. आंबा, पुदिना, खरबूज, थेंब मोजून. नाकाचं काम होतं, एवढं खरं. बाबांना दुकान बघायला यायचं होतं तेव्हा दोनदा मी दुकानाला रंग लावत आहेत म्हणून सांगितलं.

आईचं तुला आठवत असेल. पहिली सुरई भरली की ती कत्तारपासून, नारिंगाच्या फुलांचं पाणी उतरवायच्या त्या भांड्यापासून, उठायची, ओले हात झग्याला पुसायची, एक थेंब मनगटावर, एक जिभेवर. मग एकच शब्द. 'साफ.' तो शब्द येईपर्यंत झाकण लावायचं नाही. एका वर्षी तो आला नाही. तिनं सगळी सुरई अंगणातल्या मोरीत ओतली आणि पुन्हा फुलं आणायला बाजारात गेली. आपल्याला तर त्यात काहीच वाईट लागलं नव्हतं. तू मोरीशी बसून हुंगत होतीस आणि म्हणालीस, 'आई वेडी झाली.' मी तेव्हा सहा वर्षांचा असेन.

ती गेल्यावर पहिल्या वसंतात बाबा कत्तारशी बसले. बाईमाणसाचं काम. शादलिया काकू दारातून म्हणाल्या, 'सी तीजानी, आता हाताला मेंदीही लावून घ्या.' बाबा म्हणाले, 'तुम्ही जरा बाजूला व्हा, फुलं कोमेजतायत.' पण पाणी उतरलं ते आईसारखंच उतरलं. गल्लीनं मान्य केलं. काकूंनी दोन बाटल्या नेल्या. त्या दिवशी बाबा जेवताना गुणगुणत होते.

आता तुला माहीत नसलेली गोष्ट. दोन हिवाळ्यांपूर्वी त्यांना ताप आला होता. त्यानंतर बाबांना वास येत नाही. अजिबात नाही. मला कळलं ते असं की ते नासलेल्या दुधाची कॉफी प्यायला बसले होते आणि मी दारातूनच नाक धरलं. कप घेतला त्यांच्या हातातून. ते मग म्हणाले, 'रौदाला सांगू नकोस, ती पळत येईल. तुझ्या बेया आत्याला तर मुळीच नको, ती गल्लोगल्ली दवंडी पिटेल.' मी विचारलं, मग फुलांचं काय. ते म्हणाले, 'तुझं नाक आहे ना. दोघांना एक पुरतं.' गेल्या वर्षी पुरलं. मी सुट्टी काढून आलो, सुरई हुंगली, साफ म्हणालो, आणि ते साफ होतं. तो शब्द मी आईच्या आवाजात म्हणायचा प्रयत्न केला होता. बाबांच्या ते लक्षात आलं असावं.

मी माझं आणि बाबांचं गुपित फोडतो आहे. ते त्यांनी माझ्याकडे ठेवलं होतं. पण ते फोडल्याशिवाय माझं सांगता येत नाही.

आई गेली त्या वर्षी ट्युनिसला परत गेलो तेव्हा मला झोप लागत नसे. दुकानात चार-पाच बाटल्यांतले थेंब घेऊन मी नारिंगाच्या फुलाचा फ्लेवर करू लागलो. सतराव्या खेपेला जमला. फुलपाणी नव्हे, आईच्या हातचं फुलपाणी. मोरीकडून स्वयंपाकघरात येताना तिच्या बाहीला यायचा तो वास. अनीसनं, दुकानमालकानं, त्याला लेबल लावलं 'नाबेल'. थोडा खपला. बाकीचा मीच ओढला. सकाळी उठल्यावर, बसमध्ये चढण्याआधी, चढून उतरल्यावर, मिसळताना. दोन वर्षं मी दुसरं काही ओढलं नाही. तू एकदा माझ्या त्या ओढायच्या पेनाला खेळणं म्हणाली होतीस.

मग गेल्या शरद ऋतूत तो वास गेला. एका दिवसात नाही. पातळ होत गेला. आधी वाटलं पेनातली कॉइल जळली. बदलली. कापूस बदलला. थेंब दुप्पट केले, मग तिप्पट. अनीसनं एक झुरका घेतला आणि खोकत म्हणाला, 'हे काय आहे? मी आजीचा रुमाल ओढतोय का?' एका गिऱ्हाइकानं साबण म्हणून बाटली परत केली. मला मात्र कोमट वाफेपलीकडे काही लागत नव्हतं. आंबा लागायचा. पुदिना लागायचा. अनीस म्हणाला, 'जीभ मेली तुझी. होतं असं. एकच एक ओढलं की तेच मरतं. आठ दिवस सोड, पाणी पी.' दुकानात आम्ही हेच गिऱ्हाइकांना रोज सांगायचो. मी सोडलं नाही. उष्णता वाढवली. कापूस जळायचा, घशाशी करप यायची, तरी ओढत राहिलो, की कुठेतरी खाली ते फूल असेल. पुढे करपही लागेनाशी झाली. नेमक्या ह्या दोन गोष्टी माझ्या नाकातून गेल्या, रौदा. फूल आणि करप. आईचं जे उरलं होतं ते मी ओढून संपवलं. हे वाक्य मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

एप्रिलमध्ये बाबांचा फोन आला, 'फुलं आली, ये.' मी आलो. त्यांना सांगायला हवं होतं. बसमध्ये वाक्यही तयार केलं होतं. घरी आलो तर त्यांनी पांढऱ्या चादरीवर फुलं पसरून ठेवली होती, पानं निवडून, आणि माझ्यासाठी आईच्या जागेवर उशी ठेवली होती. म्हणाले, 'इथेच बस. करपायला लागलं तर मला कळायचं नाही.' मी बसलो. ते कत्तारवरचं गार पाणी कोमट झालं की बदलायचे, मी बघायचो. मग मी म्हणालो, गच्चीवरून पुदिना आणतो चहाला. गच्चीवर जाऊन ओढत बसलो. दहा मिनिटं. वीस असतील. पुदिना आणायला विसरलो. खाली आलो तर शेवटचे थेंब पडत होते. बाबांनी सुरई दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरली. 'सांग.'

मी हुंगलं. काचेचा गारवा लागला, बाकी काही नाही. थेंब जिभेवर घेतला. पाणी. बाबा माझ्या तोंडाकडे बघत होते, जसे आपण दोघं आईच्या तोंडाकडे बघायचो. एवढंच म्हणायचं होतं की बाबा, मला कळत नाही. शादलिया काकूंना बोलावलं असतं, मोरीत ओतलं असतं, पुन्हा फुलं आणली असती. मी म्हणालो, 'साफ.' त्यांनी डोळे मिटले आणि झाकण लावलं.

बेया आत्याच्या नातीच्या साखरपुड्याचं आत्यानं तुला सांगितलंच आहे. आत्याचं सांगणं म्हणजे सगळं खरं आणि थोडं जास्त. पण ते माझ्यामुळे झालं, एवढं तिला माहीत नाही. बाबांनी स्वतः तीन बाटल्या दिल्या होत्या, पाहुण्यांच्या कॉफीत घालायला. नवऱ्या मुलाच्या आईनं एक घोट घेतला, कप खाली ठेवला आणि पाणी मागितलं. कुणीतरी सावरायला म्हणालं, कॉफी जरा जास्त भाजली असेल. आत्या उसळली. 'कॉफी मी भाजलीय, चाळीस वर्षं भाजतेय!' मग तिनं बाटली उघडली, हुंगली, आणि सगळ्यांसमोर म्हणाली, 'तीजानी, फुलं उकळलीस की चुलीत घातलीस? झोपला होतास का कत्तारपाशी?' बाबांच्या हातात कप होता. ते आधीच दोन घोट प्याले होते, त्यांना काय कळणार. त्यांनी कपाकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं नाही. एकच वाक्य पुरलं असतं, की मुलानं, वज्दीनं, हुंगून बघितलं होतं. ते म्हणाले, 'हो. डोळा लागला माझा.' सगळे हसले. 'म्हातारा झालास रे,' आत्या म्हणाली. बाबाही हसले. मी भिंतीशी उभा होतो. मी हसलो की नाही ते मला आठवत नाही, आणि हसलो असेन अशी भीती वाटते.

घरी येताना ते एवढंच म्हणाले, 'नीट जेवला नाहीस. पोट बरं आहे ना?'

दुसऱ्या दिवशी टोपली घेऊन ते घरोघर गेले आणि दिलेल्या बाटल्या परत मागून आणल्या. शादलिया काकू म्हणाल्या, 'राहू द्या हो, इतकं काही नाही.' पण आत जाऊन बाटल्या घेऊन आल्या. आईनं त्या मोरीत ओतल्या असत्या. बाबांनी स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात ओळीनं लावून ठेवल्या. त्यांनी मला आजपर्यंत एक शब्द विचारलेला नाही. मी का तसं म्हणालो, हे ते स्वतःशी काय समजले असतील? मी लक्ष दिलं नाही असं? की मला ह्या फुलांचं काही वाटत नाही असं? त्याच दिवशी मी पेन आणि उरलेलं लिक्विड कचऱ्यात टाकलं. त्याला एकतीस दिवस झाले. रोज सकाळी, बाबा पावाला गेले की, मी कोपऱ्यातल्या बाटल्यांतली एक उघडतो आणि हुंगतो. तीस दिवस पाणीच होतं. आणि खरं सांगतो, तीस दिवस मला आत कुठेतरी वाटत होतं की आत्या वाढवून बोलली असेल. तिला सवय आहे. पाहुणी चोखंदळ असेल. कॉफी जास्त भाजली असेल.

येत्या शुक्रवारी नमाजानंतर आत्या जावयाची गाडी घेऊन कत्तार न्यायला येणार आहे. 'हा एक दिवस घर पेटवेल,' म्हणते. बाबा म्हणाले, 'ने बाई.' आईचा कत्तार तुझा आहे, म्हणून तिनं तुलाही विचारलं, आणि तूही म्हणालीस, 'ने आत्या, बाबांचं वय झालं.' तुझी चूक नाही. तुला जे सांगितलं त्यावर तू बोललीस. काल बाबा अंगणात बसून लिंबू-मिठानं तो घासत होते, पोचा आलेली बाजू वर करून. म्हणाले, 'बेयाच्या घरी काळा जायला नको.' एवढं एकच काम त्यांच्याकडे आईचं उरलं होतं. ते माझ्या एका शब्दासाठी देऊन टाकत आहेत, आणि देताना चकचकीत करून देत आहेत.

आज सकाळी बाटली उघडली आणि वास आला. फुलाचा नाही. फूल अजून आलेलं नाही. करपेचा आला, जाड, तव्याला लागलेल्या दुधासारखा. मला मागे सरकावं लागलं. आत्यानं काही वाढवलं नव्हतं. म्हणून हे आज लिहितो आहे. आत्याला फोन कर आणि सांग की कत्तार हलवायचा नाही, तुझी परवानगी नाही. कारण विचारेल. बाबांच्या नाकाचं सांगू नकोस, माझं नाव सांग. पाव घेऊन ते आले की मी त्यांना सांगणार आहे. आधी तुला लिहिलं, कारण हे पत्र गाडीत बसलं की मला मागे फिरता येणार नाही, आणि मी स्वतःला ओळखतो. बाळाच्या सातव्या दिवसाच्या समारंभासाठी तू राखलेल्या ह्याच पाण्याच्या दोन बाटल्या कपाटातून काढ. एक उघडून बघ, म्हणजे माझ्या शब्दावर तुला विसंबावं लागणार नाही. मग दोन्ही मोरीत ओत. ते साफ नव्हतं.

तुझाच, शुक्रवारी दारात उभा राहणारा,
वज्दी