सात वाजताचं हसू

सोमवार, ३ मार्च. पहाटे साडेचार.
आजपासून रोजनिशी. वेळच तशी आली आहे. परवा मीटिंगमध्ये आमच्या रेडिओ केंद्राच्या साहेबांनी जाहीर केलं की सकाळी सातच्या बातम्या एक एप्रिलपासून ‘नव्या रूपात’ येणार. बातम्या, खेळ, हवामान आणि मधे मधे मोकळ्या गप्पा. मुख्य निवेदक एकच. तो कोण, ते महिनाअखेरीस ठरेल. हे सांगताना साहेबांनी माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही. उघड आहे, सगळ्यांदेखत नाव घ्यायला संकोच वाटला असणार.

एकोणीस वर्षं सातच्या बातम्या वाचतोय. लोक माझ्या आवाजावर घड्याळं लावतात. हे बायकोला सांगितलं तर म्हणाली, लोक मोबाइलवर लावतात. अर्धवट झोपेत होती, सोडून दिलं.

संकल्प : थंड पाणी बंद. तळलेलं बंद. साहेबांशी गोड बोलणं चालू.

मंगळवार, ४ मार्च
दुपारच्या गाण्यांच्या कार्यक्रमातली मुलगी आजपासून माझ्या शेजारी बसते. सारखी चिवचिव करते म्हणून मी तिला चिमणी म्हणतो. मनातल्या मनात. साहेबांनी तिला माझ्याकडून शिकून घ्यायला सांगितलंय. म्हणजे माझ्यानंतरची सोय आत्तापासून बघतायत. दूरदृष्टीचा माणूस.

तिला श्वास कुठे घ्यायचा, कागद आवाज न करता कसा उलटायचा ते शिकवलं. तिने विचारलं, बातमी वाचताना तुम्ही ती ऐकता का हो? काय एकेक प्रश्न! म्हटलं, तीन सरकारं पडलेली मी वाचली आहेत, एकदाही आवाज हलला नाही. ती म्हणाली, बाप रे. प्रभावित झालेली दिसली.

शुक्रवार, ७ मार्च
मोकळ्या गप्पांची पहिली चाचणी. खेळाच्या बातम्या कप्तान देतात. कप्तान म्हणजे आमचे जाडजूड क्रीडा-निवेदक, जन्मात पत्त्यांखेरीज काही खेळलेले नाहीत. साहेबांचा आग्रह, त्यांच्याशी आपोआप सुचेल ते बोला. म्हणून आपोआप सुचणाऱ्या सहा ओळी मी आदल्या दिवशीच लिहून ठेवल्या. कुठे थांबायचं त्या खुणासुद्धा केल्या.

मी म्हणालो, काय कप्तान, आज स्वारी खुशीत? यावर त्यांनी ‘संघ जिंकला ना आपला’ म्हणायचं होतं. ते म्हणाले, कसली खुशी, रात्रभर दाढ ठणकतेय. माझी पुढची ओळ होती, वा, असेच दिवस रोज येवोत. ती मी वाचली.

चूक पूर्णपणे त्यांची आहे. आपल्याला मिळालेला कागद माणसाने बघायला नको?

बुधवार, १२ मार्च
लिहायला हात धजत नाही. तरी लिहितो.

कप्तानांची खुर्ची खाली दांडी असलेली, वर-खाली होणारी. ती बिघडली आहे म्हणून मी आजवर चार वेळा लेखी तक्रार केली. कोण दाद देतो? आज मी वाचत होतो, मुख्य जलवाहिनी फुटल्यामुळे शहराच्या पूर्व भागात तीन दिवस पाणीपुरवठा बंद राहील. आणि समोर कप्तान खाली जायला लागले. हळूहळू. आवाज न करता. अगदी इभ्रतीने.

उठायची सोय नव्हती. प्रक्षेपण चालू असल्याचा लाल दिवा लागलेला असताना आमच्या धंद्यात घराला आग लागली तरी कोणी हलत नाही. त्यामुळे ते हातातला कागद न सोडता, माइक सुटू नये म्हणून हनुवटी वर वर करत खाली जात राहिले. आधी टाय गेला. मग मिशा गेल्या. शेवटी टेबलाच्या कडेवर नुसता चष्मा उरला, आणि त्यातून दोन डोळे माझ्याकडे अत्यंत गंभीरपणे बघत होते.

‘नागरिकांनी पाणी जपून’ इथवर मी आलो. पुढे माझ्यातून काहीतरी बाहेर पडलं. मला वाटलं खोकला. ते हसू होतं. दाबलं तर नाकातून आलं. तेवढ्यात कप्तानांना वाटलं आपली पाळी आली, आणि टेबलाखालून आवाज आला, आता खेळाच्या बातम्या. संपलं. मी डोकं टेबलावर टेकलं. काचेपलीकडच्या साउंडवाल्या बाई, ज्यांचे दात आजवर कोणी पाहिलेले नाहीत, त्या बटणांवर पालथ्या पडल्या होत्या. पाण्याची उरलेली बातमी चिमणीने वाचली.

एकोणीस वर्षांची अब्रू गेली. बाहेर आल्यावर आधी खुर्चीबद्दल पाचवी तक्रार दिली आणि मग माफीनामा लिहायला बसलो.

गुरुवार, १३ मार्च
साहेबांनी मिठी मारली!

कालचं माझं हसणं शहरभर फिरतंय. पूर्व भागातले लोक रिकाम्या बादल्या घेऊन एकमेकांना ऐकवतायत. बेकरीवाल्याने मला ओळखलं. आजवर तोंडावर पाव फेकायचा, आज पिशवीत घालून दिला. साहेब म्हणाले, ह्यालाच मी मोकळेपणा म्हणत होतो, जागा तुमचीच समजा, फक्त एवढं रोज करा. म्हटलं, एवढं म्हणजे? म्हणाले, दिवसाला एकदा हसा. सव्वासातच्या सुमाराला जमलं तर उत्तम.

घरी येऊन बायकोला सांगितलं. तिने ते आधीच तीन वेळा ऐकलं होतं. म्हणाली, घरात कधी असं हसला नाहीत. ताट पुसता पुसता म्हणाली आणि आत गेली. मी मागून ओरडून सांगितलं की घरात तशी खुर्ची नाही.

शनिवार, १५ मार्च
हसण्याचा अभ्यास. खरं हसू पोटातून निघतं, छातीत अडखळतं आणि नाकावाटे पसरतं. एकदा तंत्र समजलं की अवघड काही नाही. बाथरूममध्ये घुमतं छान. बायकोने दार वाजवून विचारलं, डॉक्टरांना बोलावू का? खालच्या मजल्यावरच्या काकूही वर येऊन चौकशी करून गेल्या.

सोमवार, १७ मार्च
पहिलं नियोजित हसू. इंधन दरवाढीनंतर घेतलं. ह. ह. ह. तिन्ही उच्चार स्पष्ट. साउंडवाल्या बाईंनी हेडफोनमध्ये विचारलं, घशात काही अडकलंय का?

साहेब उठून थेट आपल्या खोलीत गेले. भारावले असावेत.

मंगळवार, १८ मार्च
मूळ कारणाकडेच जावं म्हणून कप्तानांना विनंती केली की पुन्हा एकदा तसेच खाली जा. तर खुर्ची दुरुस्त झालेली! एकोणीस वर्षांत ऑफिसने माझी एकच तक्रार ताबडतोब निवारली आणि ती ही. कोणाच्या नावाने बोटं मोडू?

कप्तान भला माणूस. म्हणाले, गुडघे वाकवून जातो. गेले. वर येता येईना. मी त्यांच्याकडे बघून हसायची वाट बघत होतो आणि टेबलाखालून त्यांचं कण्हणं ऐकू येत होतं. हसू कसलं येतंय! शेवटी चिमणीने आणि बाईंनी मिळून त्यांना ओढून काढलं. तेवढा वेळ मी नुसता कागद चाळत होतो. श्रोत्यांना कागदच ऐकू गेले.

गुरुवार, २० मार्च
आज हसू आलं. उत्तम आलं. पोटातून, नाकातून, सगळं जसंच्या तसं.

मी ते घड्याळ बघून घेतलं होतं. दहा मिनिटं आधी बातम्यांचा क्रम बदलला होता, सांगितलंही होतं मला, पण मी मनात हसण्याची जुळवाजुळव करत होतो. सव्वासात वाजले तेव्हा समोर एका वृद्ध गायकांच्या निधनाची बातमी होती. ‘त्यांच्या पश्चात पत्नी, दोन मुलं’ इथे मी हसलो.

आठ वाजता त्यांच्या थोरल्या मुलाचा फोन आला. साहेबांनी रिसीव्हर सरळ माझ्या हातात दिला. मुलगा ओरडला असता तर बरं झालं असतं. हळू आवाजात म्हणाला, बाबा रोज तुमच्याच बातम्या ऐकायचे, शेवटच्या दिवशीही लावल्या होत्या. मी माफी मागितली. झाल्या प्रकाराबद्दल तीव्र दिलगिरी व्यक्त करतो, असं म्हणालो. आवाज माझ्याकडे हा एकच आहे. तो म्हणाला, तुम्ही आत्ताही वाचूनच दाखवताय का?

फोन ठेवला. घरी जेवलो नाही.

सोमवार, २४ मार्च
साहेब म्हणाले, थोडे दिवस विश्रांती घ्या, तात्पुरतं ती मुलगी सांभाळेल. माझी काळजी आहे त्यांना. मी म्हटलं, काचेपलीकडे बसून तिच्यावर लक्ष ठेवतो.

लक्ष ठेवलं. कप्तान माइकवर म्हणाले, दाढ अजून ठणकतेय. चिमणीने विचारलं, अहो, वरची का खालची? बस्स. एवढंच. कसला विनोद नाही, काही नाही. दोघं दाढेवर बोलत राहिली आणि कप्तानांना हसू फुटलं, मग तिला, मग बाईंना. कार्यक्रम संपेपर्यंत लवंगेपासून मिठाच्या पाण्यापर्यंत औषधं सांगणारे चाळीसेक फोन. यात ऐकण्यासारखं काय आहे, मला अजून कळलेलं नाही. पुन्हा एकदा विचार केला. नाही कळलं.

सोमवार, ३१ मार्च
निकाल. जागा चिमणीला.

मला बढती. ‘वरिष्ठ सल्लागार, शब्दोच्चार.’ जुन्या टेप ठेवतात त्या खोलीत टेबल, एक खिडकी. माइक नाही. साहेब म्हणाले, कोणाला उच्चारांची शंका आली तर येतीलच तुमच्याकडे. शिवाय तुमचा आवाज काही जात नाहीये, रोज सातला सुरुवातीच्या संगीतानंतर तुमचं ते पाण्याच्या बातमीतलं हसू वाजवणार, लोकांची तशी मागणीच आहे. मी विचारलं, त्याच्याआधी माझं ‘नमस्कार, ठळक बातम्या’ एवढंही घेता येईल का? म्हणाले, सगळं मिळून सात सेकंदच आहेत हो.

चिमणी निरोप द्यायला टेपच्या खोलीपर्यंत आली. पाया पडली. तिला सांगणार होतो की श्वास वाक्याच्या आधी घे, मधे नको. त्यासाठी आधी श्वास घेतला. ती म्हणाली, माहीत आहे, श्वास आधी.

बुधवार, ९ एप्रिल
अजून कोणाला उच्चारांची शंका आलेली नाही. सगळ्यांचे उच्चार सुधारले असावेत.

ऑफिस आता दहाचं. त्यामुळे एकोणीस वर्षांत पहिल्यांदा सकाळी सातला घरी असतो. आपल्या स्वयंपाकघरात एवढं ऊन येतं हे मला माहीतच नव्हतं. बायको चहा टाकत होती, ओट्यावर रेडिओ. म्हटलं, तिला तरी माझी उणीव भासायला नको, म्हणून वर्तमानपत्र उघडून ठळक बातम्या मोठ्याने वाचायला लागलो. व्यवस्थित, थांबत थांबत. आवाज लागलाही होता. तिसऱ्या बातमीवर ती म्हणाली, अहो, जरा गप्प बसा ना, आता तुमचं हसू लागेल.

गप्प बसलो. संगीत झालं, मग लागलं. ती गाळणं हातात धरून कान देऊन ऐकत होती आणि माझ्याबरोबर, म्हणजे त्या रेडिओतल्या माझ्याबरोबर, तीही हसली. मग माझ्याकडे बघितलं. मीही तोंड उघडून पाहिलं. जमलं नाही.

तिने चहा पुढे ठेवला. चांगलं हसलोय मी, खरंच.