ऐकीव माप

३ फेब्रुवारी, सोमवार
फिरायला गेलो तेव्हा मैत्रीण म्हणाली, "माझे दंड बघ, उशा आहेत उशा!" मी लगेच, "उशा परवडल्या गं, माझं पोट म्हणजे गादी!" शाळेपासून हाच शिष्टाचार. एकीने स्वतःला एक नाव ठेवलं की दुसरीने स्वतःला दोन ठेवायची. नाहीतर मैत्री कसली!
घरी येऊन जेवलेच नाही. भूक होती, तरी.

५ फेब्रुवारी
मैत्रिणीच्या वाचनालयाला पन्नास वर्षं होतायत. शनिवारी, पंधरा तारखेला, स्टेजवर वाचन. ग्रंथपाल तीच, म्हणून मान तिचा. तर बाईसाहेबांनी चक्क नाही म्हटलं! "स्टेज मोडेल गं. आणि मला एकही चांगला ड्रेस होत नाही अंगात." एवढा गोड आवाज — पोरं खाऊ विसरून ऐकतात तिचं — आणि तो घरात ठेवणार?
मग मी शिंपीण कशाला झाले? गुपचूप ड्रेस शिवते. माप मागितलं तर बिंग फुटेल. आणि हवंय कुणाला माप! वीस वर्षं झाली, बाई दारातून आत आली की आकडा माझ्या डोळ्यांत.

९ फेब्रुवारी
झाला! निळा, लांब बाह्यांचा. नवऱ्याने हातात धरून विचारलं, "पडदा का?" अरसिक!

१० फेब्रुवारी
सत्यानाश. तिला बोलावून ड्रेस घालायला लावला, तर ती त्यात हरवली. एका बाहीत दोन्ही हात गेले. मला हसू फुटलं — मूर्ख मी! — म्हटलं, "थांब, मीही शिरते." आणि शिरले. मावलो की दोघी! आरशात एक गळा, दोन डोकी.
ती हसली नाही. "मी तुला एवढी दिसते?" म्हणाली. ड्रेस खुर्चीवर टाकून गेली.

१२ फेब्रुवारी
फोन उचलत नाही. तिचा जुना कोट अस्तर बदलायला माझ्याकडे पडलाय. त्याला टेप लावली. माझ्या ड्रेसपेक्षा अठरा इंच कमी! गिऱ्हाइकाच्या बाबतीत माझा अर्धा इंच चुकत नाही. मग हे कसं?
कळलं. तिच्याकडे मी बघितलंच नाही. ती इतकी वर्षं जे बोलली, तेच मी कापलं. आणि "काहीतरीच काय!" म्हणायचं सोडून वर माझी गादी जोडत बसले. रडले. रडताना टाचणी टोचली, म्हणून आणखी रडले.

१३ फेब्रुवारी
वाचनालयात गेले. 'शांतता राखा' पाटीखालीच भांडलो. मी ओरडले, "तू एवढी दिसत नाहीस गं, तू एवढी ऐकू येतेस!" पेपर वाचणारे आजोबा म्हणाले, "श्श!"
ती म्हणाली, "मग एकदाही 'काहीतरीच काय' का म्हणाली नाहीस?"
माफी मागितली, तीही हळू आवाजात, आजोबांना भिऊन. तिने चार पुस्तकांवर शिक्के मारले. मग म्हणाली, "टेप आणलीयस?"
कपाटांच्या मागे माप घेतलं. आजोबांनी पेपर तोंडासमोर धरला. सभ्य माणूस.

१५ फेब्रुवारी
वाचलं तिने, मापात बसवलेल्या निळ्या ड्रेसमध्ये! पहिल्या ओळीला आवाज थरथरला, मग थेट शेवटच्या रांगेपर्यंत पोचला. स्टेज शाबूत! मी एवढ्या टाळ्या पिटल्या की अंगठी उडून पुढच्या बाईच्या पर्समध्ये पडली.

१६ फेब्रुवारी
सकाळी दुकानात येऊन तिने टेप उचलली. "आता तू उभी राहा."
माझे सगळे कपडे सात इंच सैल आहेत. शिवणारी मीच.