दहा फुटांची सुतळी

८ ऑक्टोबर १९७८

बारापैकी नऊ वाया! कृष्णकांतने पाकीट पुढं केलं तेव्हाच त्याच्या तोंडावरून समजलो. सीताबर्डीच्या बोळात त्याचा स्टुडिओ. रोल धुतो, फोटो छापतो आणि अपमान फुकटात करतो.

"काकाजी, हे माणूस आहे का भूत? इतक्या जवळ काहून जाता? तुमच्या या डब्ब्याले दहा फुटाच्या आतलं दिसत नाही!"

आता आधी कोणी सांगितलं होतं? जावयाने नवा कॅमेरा घेतला, हा जुना माझ्या हातात ठेवला आणि म्हणाला, "बाबूजी, बटण दाबा, बस." सदतीस वर्षं म्युनिसिपालटीत पाण्याच्या चाव्या फिरवल्या. तिथंही पहिल्या दिवशी असंच म्हणाले होते — चावी फिरवा, बस. अर्धा महाल मोहल्ला कोरडा ठेवला होता मी त्या दिवशी!

पण दहा फूट मोजायचे कसे? माझा अंदाज म्हणजे आंधळ्याची नेमबाजी. शेवटी दहा फूट सुतळी कापली, दोन्ही टोकांना गाठ. एक गाठ समोरच्याच्या हनुवटीला, एक माझ्या छातीला. ताणली की अंतर पक्कं. मग सुतळी सोडायची आणि खटका दाबायचा.

बायको, मनकर्णा, चुलीपाशी बसून म्हणते, "गाय बांधून राहिले का फोटो काढून राहिले जी?"

१२ ऑक्टोबर

शेजारच्या पार्वतीबाई बसल्या. नऊवारी इस्त्रीची, मान अशी ताठ की खांबाला टेकवलीय. "शालिकरामभाऊ, लगेच हार नका घालू बाप्पा माह्या फोटोले!"

दोनदा खटका दाबला, दोन्ही वेळा खांबच. मग कॅमेरा खाली ठेवला. विचारलं, यंदा लोणच्यात मीठ कोणी जास्त टाकलं, तुम्ही का सुनेनं? बाई अशा उसळल्या, अशा हसल्या! तेवढ्यात दाबलं.

शिकलो ते लिहून ठेवतो : माणूस बसवून मिळत नाही. बोलवून मिळतं.

१५ ऑक्टोबर

पहाटे सायकल काढून अंबाझरी तलावाच्या मागे गेलो. कास गवत फुललंय! पाऊस गेला, चिखल वाळला आणि त्यावर हे पांढरे तुरे. ऊन तिरपं, कोवळं. तुऱ्यांच्या पाठीमागून यायला लागलं की एकेक काडी पेटल्यासारखी दिसते. अठ्ठावन्न वर्षांत हा रस्ता हजारदा तुडवला असेल. नजर नेहमी जमिनीवर, पाइप कुठं फुटला ते पाहत. वर पाहायचा पगार नव्हता!

सहा फोटो काढले.

१९ ऑक्टोबर

आजचं सगळं लिहायला हवं.

फोटो आले. पार्वतीबाई झकास. कास मात्र धुकट, पांढऱ्या उन्हावर पांढरा धूर. कृष्णकांतला म्हणालो, छपाईत गडबड आहे. तो चिडला. "काकाजी, काडी न् काडी मोजून घ्या! चष्मा पुसा तुमचा." चष्मा पुसला. मला तर तसंच दिसलं. पोराला आपली चूक कबूल करायची नाही. असो.

घरी आलो. मनकर्णाच्या हातात पहिला फोटो दिला तो कासाचा. तिनं डोळ्यांजवळ नेला, लांब नेला आणि गोड हसून म्हणाली,

"पार्वतीबाई मस्त आली वं माय! हसली पण."

दुसरा दिला. तोही कासाचाच. "हाही छान," म्हणाली.

मग एकेक आठवू लागलं. भातात खडे. कपाळावरचं कुंकू भुवईवर उतरलेलं. परवा मांजर समजून माझ्या टोपीला हाकललं, तेव्हा मी हसत होतो, मूर्ख! ही बाई हाताच्या अंदाजाने चूल चालवते आणि मला वाटतं हिला फोटोंची हौस नाही.

विचारलं, "किती दिवस झाले वं?"

"पोळ्याच्या आधीपासून."

"यंदाच्या?"

फोटो परत देत म्हणाली, "मागच्या."

२४ ऑक्टोबर

रामदासपेठेतल्या डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. मोतीबिंदू, दोन्ही डोळे. उजवा पिकलाय. ऑपरेशन केलं तर दिसेल, नाही केलं तर वर्षभरात उजेड-अंधार एवढंच उरेल. थंडीत करू म्हणाला.

रिक्षात बसताच मनकर्णा म्हणाली, "मी डोळ्याले सुरी लावू देणार नाही. धोंडबादादाचं काय झालं?"

धोंडबा तिचा थोरला भाऊ, भिवापूरला असतो. वीस वर्षांमागे त्याच्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं आणि डोळा कायमचा गेला. डॉक्टरनं फोडला, असं सगळ्या घराला माहीत.

२ नोव्हेंबर

दिवाळी झाली. लेक शामला, जावई, नातू येऊन गेले. मनकर्णानं नातवाचं तोंड बोटांनी पाहिलं — कपाळ, नाक, हनुवटी. नातवाला गुदगुल्या झाल्या, तो खिदळला. मी मागच्या अंगणात जाऊन उभा राहिलो.

यंदा पणत्यांभोवती गोल गोल कडी दिसत होती, इंद्रधनुष्यासारखी. फटाक्यांचा धूर असावा. फोटोत येतील म्हणून दोन खटके खर्च केले. कृष्णकांत म्हणतो, कडीबिडी काही नाही, नुसत्या पणत्या आहेत.

९ नोव्हेंबर

समजावलं. रागावलो. जेवलो नाही. तीही जेवली नाही. दोन उपाशी म्हातारे!

१७ नोव्हेंबर

आज आपणहून म्हणाली, "भिवापूरले जा. दादाचा फोटो आणा. मायच्या दारची चिंच आणा. सातऱ्याचा आणा. दिसते तोपर्यंत एकदा पाहून घेतो."

सातरा म्हणजे मिरची वाळवायची, देठं खुडायची जागा. तिचं लहानपण तिथंच गेलं.

दिसते तोपर्यंत! म्हणजे बाईनं मनात निकाल लावून टाकलाय.

३ डिसेंबर, भिवापूर

एस.टी.तून उतरलो तोच ठसका लागला. गावच लाल झालंय. सातऱ्यात मिरचीचे ढीग, मधे बाया पदर नाकाला बांधून बसलेल्या. मागे धान कापलेल्या शेताची पिवळी बांधी, त्यामागे ती चिंच. सकाळचं ऊन मिरचीवर सरकत होतं. असं दृश्य आणि माझ्या डब्यात काळा-पांढरा रोल! एक बाई म्हणाली, "बाबाजी, आमची मिरची काळी येईन का गा? मग भाव कोण देईन?" सगळ्या हसल्या. दाबलं!

दुपारी धोंडबाला बसवलं. अडुसष्ट वर्षांचा, दाढीचे खुंट, धोतर गुडघ्यावर. बसला तो डाव्या अंगाने. मेलेला डोळा भिंतीकडे.

"जवाईबुवा, इकडूनच काढा."

म्हटलं, बहीण आहे ती, तिला काय लपवता? सुतळीची गाठ त्याच्या हनुवटीला दिली. त्यानं धरली. मी दहा फूट मागे आलो. आणि बोलवून मिळतं हे ठाऊक होतं म्हणून बोलू लागलो — मनकर्णाचे डोळे गेले, सुरीला भ्याली आहे, तुमच्याकडे बोट दाखवते.

सुतळी एकदम सैल पडली.

"मनी माह्यापायी आंधळी होऊन राहिली?"

मग बोलला तो. गाठ हातात तशीच धरून, जमिनीकडे पाहत.

"डॉक्टरनं काही नाही केलं जवाईबुवा. सात दिवस पट्टी ठेवा सांगतलं होतं त्यानं. तिसऱ्या दिवशी व्यापारी आला. मिरचीचा सौदा होता, मले राहवलं नाही. पट्टी वर सारली अन् सातऱ्यात जाऊन बसलो. देठं खुडली. डोळ्याले खाज आली..." हात उचलून दाखवला. "ह्याच हातानं चोळला."

मी कॅमेरा खाली ठेवला.

"बाप जिता होता तवा. काय सांगू, सौद्यासाठी डोळा घालवला? म्हटलं, डॉक्टरनं फोडला. मग वीस वर्षं तेच म्हणत आलो. आता तर मलेही खरं वाटते."

मग त्यानं तोंड समोर केलं. दोन्ही डोळे, जिता आणि मेला, सरळ माझ्याकडे. "आता काढा," म्हणाला. गाठ पुन्हा हनुवटीला लावली.

इतका चांगला फोटो माझ्या हातून पुन्हा निघणार नाही.

५ डिसेंबर

धोंडबा सोबतच आला. चहाही घेतला नाही, आधी बहिणीपुढे बसून सगळं सांगितलं. मनकर्णा सुपात तांदूळ पाखडत होती, ती थांबली.

"दादा," म्हणाली शेवटी, "सात दिवस बसवलं नाही तुह्याच्यानं, अन् वीस वर्षं माह्या डोळ्यात मिरची टाकत राहिला गा तू!"

धोंडबा रडायला लागला. मग तीच उठली, भिंत चाचपत गेली आणि त्याच्यासाठी चहा ठेवला. साखरेऐवजी मीठ पडलं. त्यानं कपभर प्यायला. एक अक्षर बोलला नाही!

तो जाताना, मला ऐकू येईल असं त्याला म्हणाली, "थंडीतच करतात ना हे ऑपरेशन? मग विचारा म्हणा डॉक्टरले."

९ डिसेंबर

फोटो आले. पण मनकर्णानं पाकीट उघडू दिलं नाही. "पट्टी सुटल्यावर. आता अर्धवट नाही पाहत मी."

मी न्हाणीशी जाऊन गुपचूप पाहिले. धोंडबाही धुकट! चिंच धुकट! इतकं जिवावरचं काम आणि हा डबा असा नाट लावतो. वाईट वाटलं.

१८ डिसेंबर

झालं! उजवा डोळा, अर्धा तास. डॉक्टर म्हणाला, बाई धीराची आहे.

२० डिसेंबर

तिसरा दिवस. धोंडबा पहाटेच्या गाडीनं आला आणि खाटेपाशी बसला. कशाला आला, विचारलं. "आज तिसरा दिवस आहे," म्हणाला. मनकर्णाचे दोन्ही हात आपल्या हातात धरून संध्याकाळपर्यंत बसून होता. हात आधी तीनदा साबणानं धुतले होते.

२५ डिसेंबर

पट्टी सुटली. उजेड दिसतो, बोटं दिसतात. चष्मा महिन्याने.

२८ जानेवारी १९७९

चष्मा आला, बाटलीच्या बुडासारखा जाड. मनकर्णानं घातला, घरात पाऊल टाकलं, छताकडे पाहिलं आणि ओरडली,

"अजी! हे जाळं! मी अशा घरात राहून राहिली होती?"

वाकायला बंदी आहे म्हणून झाडू माझ्या हातात. तासभर झाडत होतो. अशी बोलणी खाण्यात काय सुख आहे, ते माझं मला ठाऊक.

मग अंगणात उन्हात बसली आणि म्हणाली, आणा पाकीट.

एकेक फोटो हातात घेतला. चिंचेवरून बोट फिरवलं. सातरा पाहून नाकाला पदर लावला. "काळी असून झोंबते." धोंडबाचा फोटो बराच वेळ मांडीवर ठेवला.

"दाढी करून तरी बसायचं. खुंट न् खुंट दिसते. अन् कानावरचा तीळ. अन् सुतळीचा एक धागा सुटला आहे गाठीतून."

मी म्हणालो, एवढं कुठं, धुकट आलाय तो.

"धुकट?" तिनं फोटो माझ्यापुढे धरला. "कुठी?"

जाड भिंगाची कमाल! म्हटलं, मलाही असाच चष्मा पाहिजे. ती हसली नाही. त्या बाटलीच्या बुडांतून माझ्याकडे पाहत राहिली. दारातल्या कढीलिंबाची पिवळी पानं तिच्या मांडीवर पडत होती. तिनं ती झटकलीही नाहीत.

"दिवाळीले पणत्यांभोवती कडी दिसत होती म्हणे तुम्हाले," म्हणाली.

४ फेब्रुवारी

तोच डॉक्टर, तोच बाक. या खेपेला केसपेपरवर नाव माझं. परवा भरती.

रोलात एक फोटो उरला होता. मनकर्णानं कॅमेरा काढून घेतला, मला अंगणात उभं केलं, गाठ माझ्या हनुवटीला लावली आणि मोजून दहा फूट मागे गेली. मला तिकडे नुसतं हिरवं लुगडं दिसत होतं, धुक्यात.

"हसा जी," लुगडं म्हणालं. "मले सगळं दिसून राहिलं."