आत्याला ठेवून न घेण्याची कारणं

आप्पा, परवा आत्याला भेटून आले. खडकवासल्याच्या अलीकडे, त्याच एका खोलीत ती अजून एकटी राहते. तुमची धाकटी बहीण आता नीट उभीसुद्धा राहू शकत नाही, आणि मालकाला खोली रिकामी करून हवी आहे.

तिचे यजमान वारले तेव्हा ती ट्रंक घेऊन आपल्या खडकीच्या क्वार्टरमध्ये आली होती. आई पोळ्या लाटतेय, मी शेजारी बसून कणकेची चिमणी करतेय, आणि तुम्ही दारातच तिला म्हणताय, "दोनच खोल्या गं. तुझीच गैरसोय होईल." चहा पिऊन ती गेली. पुढे तुमची कारणं बदलत गेली. आधी जागा लहान होती, मग आईची तब्येत नाजूक झाली, आणि माझ्या लग्नापर्यंत तर, "तिलाच स्वतंत्र राहायचं होतं, फार मानी आहे," इथवर तुम्ही आला होतात. ते इतक्या कौतुकानं सांगायचात की पाहुणेही माना डोलवायचे. आईनं एकदाच म्हटलं, "तिला विचारलं होतंत का?" तुम्ही पेपर उलटलात. तुम्ही खोटं बोलत होतात असं नाही म्हणणार मी. तुम्हाला ते खरंच वाटायला लागलं होतं.

परवा आत्या चाचरत म्हणाली, "थोडे दिवस तुझ्याकडे आले तर चालेल का गं?" माझ्या तोंडून निघालं, "ह्यांना विचारते." आप्पा, घर घेतानासुद्धा मी ह्यांना धड विचारलं नव्हतं. आत्याला ते कळलं असावं. लगेच म्हणाली, "राहू दे. तुम्ही दोघं दिवसभर हिंजवडीला, मी एकटी काय करू तिथं?" मी पटकन मान हलवली. खोली सोडल्यावर ती कुठं जाणार, हे विचारलंच नाही.

घरी आल्यावर ह्यांनी आपणहून विचारलं, "त्यांना इकडेच आणूया का? मधली खोली पडूनच आहे."

"नको," मी म्हटलं, "तिला नाही करमायचं इथं. तिचं सगळं तिकडेच आहे."

खरं तर तुम्हाला जाब विचारायला म्हणून हे लिहायला घेतलं होतं. आता कंटाळा आलाय. एवढंच सांगते, ह्यांना ते सांगताना मी जरासुद्धा अडखळले नाही.