फायनलची यादी

सर, तुमच्याशी माझं एक भांडण राहून गेलं आहे. तुम्हाला जाऊन सहा वर्षं झाली. गेलेल्या माणसाशी भांडू नये असं आई म्हणते, पण तुम्ही होतात तेव्हाही मी गप्प बसणाऱ्यातली नव्हते.

तुम्ही इतिहास शिकवायचात, खेळाचा चार्ज गळ्यात पडला म्हणून घेतलेला. तीर्थपुरीच्या आपल्या कॉलेजात मुलींची व्हॉलीबॉलची टीम तोवर कधी झालीच नव्हती. आम्ही सातजणी आलो, तर तुम्ही पहिले तीन दिवस मैदानावरचे गोखरूचे काटे वेचायला लावलेत. चौथ्या दिवशी नेट लागलं. मला नेटजवळ उभं करून म्हणालात, "उंची न्हाई तुझी, पण हात मऊ हाय. तू चेंडू उचलून दे, मारायचं काम दुसरीचं." त्या हिवाळ्यात आपण अंबडला हरवलं, भोकरदनला हरवलं, सेमीफायनलला जालना शहरातल्या मुलींना हरवलं. त्यांच्या पायात भारी बूट, आमच्यातल्या तिघी अनवाणी. परतताना एसटीत सगळ्यांत मोठ्यानं तुम्ही गात होतात. यातलं काहीच मी विसरलेले नाही, आणि ते सगळं तुमच्यामुळे झालं हेही मान्य करते.

पण फायनलच्या आदल्या दिवशी तुम्ही मला स्टाफरूमच्या बाहेर बोलावलंत. "तुझे वडील आल्ते. उद्या तुला बघायला पाहुणे येऊन राह्यले. तू घरीच थांब."

"मॅच उद्याच हाय, सर."

"मॅच पुढच्या सालीबी व्हईल."

"मी शेवटच्या वर्षाला हाय. पुढच्या साली मी कुठं?"

तुम्ही चष्मा काढून पुसत बसलात. "हात जोडून उभे राह्यले गं ते माझ्यापुढं. मी काय बोलणार? यादीतून नाव काढलंय तुझं." चेंडू जमिनीला टेकेपर्यंत तो गेला म्हणायचं नाही, हे तुम्ही मला सहा महिने घोकून घेतलंत, आणि मला मात्र एका मिनिटात सोडून दिलंत.

सकाळी घरात पोह्यांची तयारी चालली आहे, आईनं साडी काढून ठेवली आहे. मी बॅग भरते आणि वडिलांसमोर जाऊन उभी राहते. "मॅचला चालले. पाहुण्यांना उद्या बोलवा." वडील उठतात. "पाऊल बाहेर टाकून तर बघ." मी टाकलं. पळून गेले नाही, सर. दिवसाउजेडी, सांगून गेले.

जालन्याच्या मैदानावर पोचले तेव्हा माझ्या जागेवर सातवी मुलगी उभी होती, जी तोवर एकही मॅच खेळली नव्हती. मला बघून ती रडायलाच लागली. "आलीस का गं! मला न्हाई जमत." तुम्ही यादी घेऊन पंचांच्या टेबलाकडे निघाला होतात. मी आडवी आले.

"माझं नाव लिहा."

"तुझ्या वडलांना काय सांगू?"

"सांगा, पोरगी ऐकत न्हाई."

मग आमची कॅप्टन, जिनं तुमच्यापुढे कधी मान वर केली नव्हती, ती बोलली. "सर, ही न्हाई तर मंग आम्हीबी न्हाई." बाकीच्या तिच्यामागे येऊन उभ्या राहिल्या. तुम्ही खिशातून पेन काढलंत. नाव लिहिलंत आणि माझ्याकडे न बघता म्हणालात, "आता बराबर खेळ."

हरलो. पाचव्या सेटला, दोन गुणांनी. पाहुणे चहा पिऊन गेले ते परत आले नाहीत. वडील चार महिने माझ्याशी बोलले नाहीत. निरोप समारंभात तुम्ही सगळ्यांसमोर म्हणालात, "हट्ट करून काय मिळवलं? कपबी गेला अन् स्थळबी गेलं." सगळे हसले. मी तुमच्या पाया पडले, उत्तर दिलं नाही. ते आज देते.

मी खेळले, हे मिळवलं. माझ्या बाबतीत दोन मोठी माणसं परस्पर ठरवून मोकळी झाली होती, त्यात माझा शब्द मी घातला, हे मिळवलं. आज मी शाळेत मुलींची टीम घेते. अधूनमधून एखादा बाप हात जोडून येतोच. मी त्याला बसवते, पाणी देते आणि म्हणते, "पोरीला विचारा." धावडा गावच्या अशाच एका बापानं माझी तक्रार केली, हेडमास्तरांनी बोलावून घेतलं. मी यादी बदलली नाही. सर्व्हिस कशी करायची, पाय कुठे ठेवायचे, यात तुमचा शब्द मी अजून खाली पडू देत नाही. पण त्या दिवशी तुम्ही चुकलात. पेन काढलंत म्हणून ती चूक अर्धी होत नाही.

हे पत्र पाठवायला पत्ता एकच आहे, तिथे आता काकू एकट्या राहतात. त्यांच्या हाती हे पडू नये. खणातच राहील.

आणि एक. तुम्हाला, वडिलांना, टीममधल्या एकीलाही मी हे बोलले नाही. बघायला येणार होता त्या मुलाचा फोटो आईनं मला आठवडाभर आधी दाखवला होता. मला तो आवडला होता, सर.